चौथ्या रकान्यातली पुसट रेघ

बारकी हे नाव तिला घरात पडलं ते अंगकाठीमुळे. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ते कसं पोहोचलं कोण जाणे, पण तिथेही ते चिकटलं आणि चाळिशी ओलांडली तरी सुटलं नाही. स्नायूंच्या आजारांचे नमुने तपासणं हे तिचं काम. पेशंटच्या मांडीतून काढलेला वाटाण्याएवढा तुकडा तिच्याकडे यायचा. तो वाटायचा आणि त्यातली प्रथिनं जेलच्या पातळ लादीतून विजेच्या जोरावर पळवायची. जड प्रथिनं मागे रेंगाळतात, हलकी पुढे सटकतात. मग हवं ते प्रथिन तेवढं उजळवून फोटो घ्यायचा. फोटोत प्रत्येक नमुन्याचा एक उभा रकाना, आणि रकान्यात त्या प्रथिनाची आडवी काळी रेघ. तिला सगळे बँड म्हणायचे. बारकीची आई होती तोवर ती अभिमानाने सांगायची, "आमची मुलगी बँड मोजते," आणि ऐकणारे विचारायचे, "नुसती मोजते? वाजवत नाही का?"

मोजणं ऐकायला सोपं वाटतं. रेघ किती गडद ते कॉम्प्युटर सांगतो, पण तिच्याभोवती चौकट माणसानेच काढायची असते. त्या चौकटीत रेघेबरोबर फोटोचा मळही येतो, तो वजा करावा लागतो. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक गमतीची सोय होती. चित्राच्या खालून एक काल्पनिक चेंडू घरंगळवायचा. चेंडू पोहोचेल तिथपर्यंतचा तो मळ, त्याच्या वर उरेल ती रेघ. चेंडू केवढा घ्यायचा ते आपण ठरवायचं. लहान घेतला तर तो रेघही गिळून टाकतो, फार मोठा घेतला तर मळही रेघेत धरला जातो. ठसठशीत रेघेला याने काही फरक पडत नाही. पुसट रेघेचं मात्र सगळं नशीब त्या चेंडूच्या हाती.

बारकीकडे येणाऱ्या नमुन्यांवर नाव नसायचं, फक्त क्रमांक असायचा. ते तिला बरं वाटे. पण या वेळी क्रमांकाच्या आधी माणूस भेटला. असा तुकडा काढायच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक बाई संमतीचा कागद द्यायला चुकून प्रयोगशाळेच्याच दारात आली. बरोबर पहिलीत जाणारा मुलगा. कागद कुठे द्यायचा ते बारकी सांगत होती तेवढ्यात मुलाने फतकल मारली आणि फरशीच्या चौकोनांवरून एक बाटलीचं बूच ढकलायला लागला. "ऊठ रे," आई म्हणाली. तो उठला, पण कसा? आधी पालथा झाला, मग दोन्ही हात जमिनीवर टेकले, मग एकेक हात गुडघ्यावर, मग मांडीवर. स्वतःच्याच अंगाची शिडी करून तो वर चढला.

"आळशी आहे नुसता," आई हसून म्हणाली, आणि समोरची हसते का ते बघत राहिली.

बारकी हसली. पण तिची नजर मुलाच्या मांडीवर टेकलेल्या हातांवरच राहिली. तिचा दादा अस्साच उठायचा.

दादाचाही आजार स्नायूंचाच. लहानपणी कुठल्याशा डॉक्टरने आई-बाबांना सांगितलं होतं की हा मुलगा विशी बघणार नाही. आई-बाबांनी ते देवाचं वाक्य मानलं आणि तेव्हापासून घरात दिवा लागला तरी अंधारच राहिला. दादाने विशी पाहिली, तिशी पाहिली, आता त्याची पन्नाशी जवळ आली होती. पुढे कळलं की त्याचा आजार सौम्य प्रकारचा आहे. स्नायूंना जपणारं ते एक प्रथिन त्याच्या अंगात कमी होतं, पण होतं. ज्यांच्यात ते जवळपास नसतंच, त्यांचा आजार भराभर वाढतो. दादा चाकाच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्रांसाठी शब्दकोडी रचायचा, आणि बारकीला मात्र आयुष्यभर एकच वाटत राहिलं: तेव्हा कुणी नीट मोजलं असतं तर!

म्हणूनच तर ती या कामात आली होती.

या मुलाच्या रक्ताच्या तपासणीत जनुकातला बिघाड सापडला होता, पण तो दोन्ही प्रकारांत बसणारा निघाला. सौम्य की तीव्र, हे स्नायूतलं प्रथिन मोजूनच कळणार होतं. स्नायूंच्या डॉक्टर मॅडमनी फोन केला, "लवकर सांगा हं. तीव्र असेल तर औषध आत्ताच सुरू करायचंय. सौम्य असेल तर एवढ्याशा पोराला ते उगाच द्यायला नको. त्याचे त्रास काही कमी नाहीत."

फोटो पडद्यावर उघडला तेव्हा बारकीने आधी निरोगी नमुन्यांचे रकाने बघितले. तुलनेसाठी एकच नमुना चार मात्रांत: पूर्ण, निम्मा, दहावा भाग, विसावा भाग. रेघा उतरत्या क्रमाने फिक्या होत गेलेल्या, अगदी हव्या तशा. पूर्ण मात्रेचा निरोगी नमुना तिसऱ्या रकान्यात होता, चौथ्यात तो मुलगा, आणि बाकीचे निरोगी त्याच्या पुढच्या रकान्यांत. मग तिने चौथ्याकडे पाहिलं.

रेघ होती.

पुसट होती, धुक्यात दिसावी तशी. पण निरोगी रेघेच्या बरोबर उंचीवर होती. बारकीने चौकट काढली, नेहमीचा चेंडू घरंगळवला. उत्तर आलं ते धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. तिने चेंडू थोडा मोठा केला. आकडा वाढला. आणखी थोडा मोठा केला. आता तो आकडा सौम्य प्रकाराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. ती खुर्चीत मागे रेलली. डोळ्यांपुढे त्या आईचा चेहरा आला आणि आपण तिला काय सांगू, कुठल्या शब्दांत सांगू, हेसुद्धा तिच्या मनात जुळायला लागलं.

मग तिने चेंडू पुन्हा नेहमीएवढा केला. आकडा खाली आला. तिला राग आला, आणि कशाचा राग आला ते कळल्यावर ती दचकली. आकड्याचा राग येतो म्हणजे काय?

तिने संगणक बंद केला आणि घरी गेली.

दादा जेवणाच्या टेबलापाशी कोडं मांडून बसला होता. "बरं झालं आलीस. सहा अक्षरी, 'नको तिथे शहाणपण'. सुचतंय का?"

"दादा, एक विचारू?"

"आधी कोडं."

"नाही सुचत. ऐक ना." तिने नावगाव न सांगता सगळं सांगितलं. पुसट रेघ, चेंडू, उंबरठा. "रेघ आहे रे. मी डोळ्यांनी बघितलीये. नेहमीच्या पद्धतीत ती अर्धीमुर्धी मळाबरोबर वाहून जाते, एवढंच. हे आकडे तसेच पाठवले तर एका घरावर कुऱ्हाड कोसळेल."

"आणि मोठा चेंडू लावून पाठवलेस तर?"

"तर थोडा धीर मिळेल त्यांना."

दादाने पेन्सिल खाली ठेवली. "बाकीच्या पेशंटांना कुठला चेंडू लावतेस?"

"नेहमीचा."

"मग याच्यावर एवढी मेहेरबानी का?"

तिने कोड्याचा कागद उगाच स्वतःकडे ओढला.

"बारके, माझ्या रिपोर्टचा सूड तू या पोराच्या रिपोर्टवर काढणारेस का?"

त्याने हे अगदी शांतपणे विचारलं. ती उठून ओट्यापाशी गेली, धुतलेलीच भांडी पुन्हा विसळायला लागली. मागून दादाचा आवाज आला, "माझ्या वेळी त्यांनी नसलेलं मरण लिहिलं. वाईट झालं. पण म्हणून तू नसलेलं जगणं लिहिलंस तर हिशेब चुकता होत नाही. आणि ते औषध वेळेवर सुरू झालं नाही, तर?"

"मी काही खोटं लिहिणार नव्हते," ती नळाकडे बघत म्हणाली.

"माहितीये मला. खोटं लिहिणारी असतीस तर एवढी भांडी घासली नसतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फूटपट्टीकडे गेली. फूटपट्टी म्हणजे शेजारच्या खोलीतला तिचा सहकारी. उंच, ताठ, बोलण्यातही एक सेंटिमीटर इकडे-तिकडे नाही. दोघं बरोबरच नोकरीला लागले होते आणि बरोबरच भांडत आले होते. चहा पिताना तो "छान झालाय" असं कधी म्हणायचा नाही, "गरम आहे" म्हणायचा.

बारकीने सगळे रकाने वेगवेगळे कापून त्यांची उलटापालट केली होती, वरची नावं पुसून अक्षरं टाकली होती. "यातलं कुठलं काय ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तू मोज. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा राहिलेला नाही."

"चष्म्याचा नंबर वाढला?"

"नाही. माया वाढलीये."

त्याने तिच्याकडे एकदा बघितलं, आणि नेहमीचा शेरा न मारता खुर्ची ओढली. सगळे रकाने एकाच मापाने मोजत गेला. एकापाशी मात्र थांबला. चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं.

"इथे काहीतरी आहे," तो म्हणाला. "पण याला मी रेघ म्हणणार नाही."

"का?" बारकीचा आवाज चढला. "उंची बरोबर आहे. गडदपणा आजूबाजूपेक्षा जास्त आहे. मग रेघ का नाही?"

"डाव्या कडेला गडद आहे आणि उजवीकडे विरत गेलंय. खरी रेघ रकानाभर सारखी असते. ही बाहेरून आत आल्यासारखी दिसते. याच्या डावीकडे कोण होतं?"

बारकीने मनातल्या मनात रकान्यांचा मूळ क्रम लावला. डावीकडे पूर्ण मात्रेचा निरोगी नमुना होता. जेलच्या खाचांमध्ये नमुने सोडताना एखादा थेंब पलीकडच्या खाचेत सांडू शकतो. तिने आजवर कितीतरी नवशिक्यांना हे बजावलं होतं. ती डावी कड तिला काल दिसली नव्हती असं नाही. दिसली होती, पण तिने तिच्यावरून नजर उचलून दुसरीकडे ठेवली होती.

"सांडलेलं असेल," ती हळूच म्हणाली.

"असेल किंवा नसेल," फूटपट्टी म्हणाला. "नमुना उरलाय?"

"एकदाच होईल एवढा."

"मग एकदाच कर. दोन्ही बाजूंचे रकाने रिकामे ठेव." तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "खाचा भरताना मी शेजारी उभा राहू का? म्हणजे, नुसता उभा."

इतक्या वर्षांत त्याने स्वतःहून मदत देऊ केल्याचं बारकीला आठवत नव्हतं. ती मान डोलावून "ये" म्हणाली.

बारकीने डॉक्टर मॅडमना फोन करून आणखी मुदत मागितली. मॅडम वैतागल्या. "ती आई रोज विचारतेय हो. काय सांगू तिला?"

"सांगा, मोजणारीला स्वतःचीच शंका आली. पुन्हा मोजतेय."

नमुना सोडताना तिचा हात नेहमीसारखा स्थिर होता, पण मनात ती चक्क नवस बोलत होती. देव-बिव न मानणारी बाई ती. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण तिचं मन त्या दिवशी फक्त चांगलंच चिंतत होतं, आणि तीच तर अडचण होती. फूटपट्टी शेजारी हाताची घडी घालून उभा होता.

नवा फोटो आला. निरोगी रेघा पुन्हा झोकात उतरत गेल्या होत्या. अगदी विसाव्या भागाचीही दिसत होती. मुलाच्या नमुन्यात दुसरं एक नेहमीचं प्रथिन भरपूर होतं, म्हणजे नमुना चांगला होता, पुरेसा होता. आणि जिथे ती रेघ असायला हवी होती तिथे काही नव्हतं. लहान चेंडू घ्या, मोठा घ्या, कुठलाच घेऊ नका. स्वच्छ, कोरी जागा.

बारकी बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत बसली. फूटपट्टीने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. "गरम आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

रिपोर्टमध्ये तिने लिहिलं की या पद्धतीने निरोगी स्नायूतल्या प्रथिनाच्या विसाव्या भागापर्यंत दिसू शकतं, आणि या नमुन्यात तेवढंही दिसलं नाही. पहिल्या फोटोतली पुसट खूण शेजारून सांडलेली असावी, हेही लिहिलं. मॅडमनी विचारलं, "सरळ शून्य का नाही लिहीत?"

"कारण शून्य मी मोजलेलं नाही, मॅडम. माझ्या मापाला दिसेल एवढं नाही, इतकंच मला माहीत आहे."

"निर्णय तोच होणार पण."

"हो. निर्णय तोच."

त्या आईने रिपोर्ट ऐकल्यावर एकच मागणी केली: मला तो फोटो बघायचाय. मॅडमनी बारकीला खाली बोलावलं. बाई खुर्चीत ताठ बसली होती. रडून झालं होतं की अजून व्हायचं होतं ते कळत नव्हतं. मुलगा बाहेर वडिलांबरोबर होता.

बारकीने लॅपटॉप पुढे ठेवला. "हा तुमच्या मुलाचा रकाना."

बाईने बोट पडद्याला न लावता, जरा दुरूनच, त्या उभ्या पट्टीवरून खाली नेलं. "इथे असायला हवं होतं?"

"हो. इथे."

"आधीच्या फोटोत होतं म्हणे काहीतरी."

"होतं. मलाही ते खरं वाटलं होतं." बारकी थांबली. पुढचं बोलणं तिने ठरवलं नव्हतं. "वाटलं होतं म्हणजे, खरं असावं असं फार वाटत होतं. म्हणून दुसऱ्याकडून मोजून घेतलं आणि पुन्हा केलं."

बाईने मान वर केली. "तुम्हाला का वाटत होतं?"

"माझ्या भावाला असाच आजार आहे. त्याचा सौम्य निघाला."

बाईने पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग बाई म्हणाली, "मग तुम्ही पुन्हा कशाला केलंत हो?" आणि आता ती रडली. बारकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती तो झटकेल असं वाटलं होतं, पण तिने झटकला नाही.

औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. प्रयोगशाळेत फूटपट्टीने भिंतीवर कागद चिकटवला: 'पूर्ण मात्रेच्या नमुन्याशेजारी रिकामा रकाना सोडावा.' खाली कारण लिहिलं नव्हतं. बारकीनेच पेन काढून खाली लिहिलं, 'मी फसले होते', आणि पुढे सही केली. नवशिक्या पोरी ते वाचून तिच्याकडे चोरून बघायच्या. बघू देत, ती म्हणायची.

मधे काही महिने गेले. मग एक दिवस मॅडमनीच बारकीला गाठलं. दादा त्यांचा जुना पेशंट होता. "तुमचे कोडीवाले बंधू त्या बाईंशी बोलतील का? पुढे घरात काय काय लागेल ते मी सांगू शकते. पण खुर्चीतलं घर कसं असतं ते मला नाही सांगता येणार."

दादा आधी नाहीच म्हणाला. "मला बघून तिला खोटी आशा लागेल. पन्नाशीचा धट्टाकट्टा बाप्या, समोर बसून चहा ढोसतोय. ती मनात धरेल ना, आपलाही असाच होईल म्हणून."

"मग तसं सांग तिला."

"तोंडावर?"

"मला तर तोंडावरच सांगितलं होतंस."

एका रविवारी सकाळी ती आली, मुलाला घेऊन. मुलगा औषधाने गालांत भरला होता आणि सारखं खायला मागत होता. दादाने नमस्कार-चमत्कार आटोपले आणि पहिलंच वाक्य टाकलं, "ताई, माझ्याकडे बघून याच्या पुढच्याचे अंदाज बांधू नका. माझा आजार वेगळा आहे. मला सुचतील त्या गोष्टी फक्त दारं, चाकं आणि लोकांचे प्रश्न यांच्याबद्दलच्या."

"मला त्याच हव्यात," बाई म्हणाली. "बाकीचं सगळे सांगतात."

मग दोघं असे बोलायला बसले की बारकीला मधे तोंड घालायला जागाच उरली नाही. बाथरूमचं दार आत उघडावं की बाहेर. उंबरे आत्ताच काढावेत, पुढे काढले तर मुलाला वाटतं आपल्यामुळे घर मोडलं. टाचांचे व्यायाम कार्टून बघताना उरकावेत. नातेवाइकांनी "कसा आहे आता?" असं मुलासमोर विचारलं तर काय म्हणायचं.

"तुम्ही काय म्हणता?" तिने विचारलं.

"मी म्हणतो, मी इथेच बसलोय, मलाच विचारा. मग ते हवापाण्यावर येतात."

बाई हसली. मोकळं हसली, आणि हसल्याबद्दल तिचं तिलाच नवल वाटल्यासारखी जरा थांबली. "याला कधी सांगायचं?" तिने आवाज खाली आणला. "म्हणजे, सगळं."

दादाने मान वळवली. पलीकडे मुलगा जमिनीवर बसून दादाच्या आडव्या करून ठेवलेल्या जुन्या खुर्चीचं चाक बोटाने गरगर फिरवत होता.

"सगळं एकदम नका सांगू. पण त्याने जेवढं विचारलं तेवढं खरं सांगा," दादा म्हणाला. "मला कुणी काही सांगितलंच नाही. दाराआडून ऐकलं मी. दाराआडून ऐकलेलं फार मोठं ऐकू येतं हो."

बाईने हळूहळू मान हलवली. निघताना दारात ती बारकीपाशी थांबली. "तेव्हा तुम्हाला विचारलं होतं ना मी, पुन्हा कशाला केलंत म्हणून?"

"हो."

"कळलं ते बरं झालं असं मी अजूनही म्हणणार नाही. मला ते जमायचं नाही." तिने मुलाचा हात धरला. "पण उन्हाळ्यात घराचे उंबरे काढतोय आम्ही. सुताराला सांगून ठेवलंय."

मुलगा पायऱ्यांपाशी गेला, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि एकेक पायरी उतरायला लागला. आईने त्याला उचललं नाही. त्याच्या बरोबरीने, त्याच्याच वेगाने ती उतरत गेली, आणि तो खाली पोहोचल्यावर दोघं बोलत बोलत फाटकाबाहेर पडले.